सिस्टर, पोटाचं कसं करू?

मणक्याला मार लागून हातपाय गेलेल्यांच्या वॉर्डात मी २७ वर्षं नोकरी केली. पहिल्या आठवड्यात नातेवाईक विचारायचे, "चालेल ना?" दोन महिन्यांनी तीच माणसं मला दाराबाहेर बोलावून, आवाज खाली आणून विचारायची, "सिस्टर, पोटाचं कसं करू?" या महिन्याच्या टपालातही तोच प्रश्न जास्त आहे. चार पत्रं निवडली आहेत. नावं छापलेली नाहीत.

"माझे मिस्टर ३९ वर्षांचे. गेल्या वर्षी मे महिन्यात आंबे काढताना फांदी मोडली आणि ते कलमावरून पडले. डी-८, म्हणजे छातीच्या भागातला आठवा मणका मोडला. ऑपरेशन झालं, पण बरगड्यांच्या खाली संवेदना नाही. लघवी दिवसातून चार वेळा नळी घालून काढतो. शौचाला चार-चार दिवस होत नाही आणि मग दिवसभर पातळ गळत राहतं. जुलाब थांबायच्या गोळ्या दिल्या की पोट दगडासारखं होतं. रोज रात्री दोन चमचे इसबगोल देते. पाणी मात्र बेताचंच, कारण पाणी वाढलं की नळी जास्त वेळा घालावी लागते. लघवीत जंतू निघतात म्हणून सहा महिन्यांत चार वेळा अँटिबायोटिकचे कोर्स झाले. मुलीने वाचलं की या दुखण्यात आतड्यातले चांगले जिवाणू कमी होतात. त्यांच्या कॅप्सूल महाग आहेत. घ्याव्यात का? कुठे जायचं असलं की हे आदल्या दिवसापासून जेवत नाहीत. मी साफ करते तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, एक शब्द बोलत नाहीत." – लांजा तालुका, जि. रत्नागिरी

ताई, आधी त्या पातळ गळण्याचं बघू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. मला ते जुलाब वाटत नाहीत. मोठ्या आतड्यात किंवा मलाशयात कडक मळाचा खडा अडकून बसला की वरचा पातळ मळ त्याच्या कडेने वाट काढत झिरपतो. घरच्यांना वाटतं पोट बिघडलं, म्हणून जुलाब थांबवायची गोळी दिली जाते, आणि खडा आणखी पक्का होतो. माझ्या वॉर्डात हे इतक्या वेळा पाहिलंय की नवीन मुलींना मी पहिल्याच दिवशी शिकवायचे: पातळ गळतंय म्हणून सांगितलं, तर आधी पोट चाचपा, मग बोटाने तपासा. तेव्हा ती गोळी आजपासून बंद करा आणि त्यांना डॉक्टरांकडे न्या. पोटाच्या साध्या एक्स-रेमध्येही किती साठलंय ते कळतं. खडा असेल तर एकदा नीट मोकळं करून घ्यावं लागेल. त्यासाठी हाताने काढणं, एनिमा, पाण्यात विरघळणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, जे डॉक्टर ठरवतील ते. पोट मोकळं झाल्याशिवाय पुढचं काहीच लागू पडणार नाही.

आता आत नेमकं काय झालंय ते सांगते. त्यांचं आतडं मेलेलं नाही. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं. शिवाय जठरापासून मोठ्या आतड्याच्या जवळपास अर्ध्या भागापर्यंत मेंदूकडून व्हेगस नावाची नस येते. ती मज्जारज्जूतून जात नाही, म्हणून मणका मोडला तरी ती शाबूत राहते. अडचण आहे डाव्या बाजूच्या शेवटच्या टप्प्यात. तिथला कारभार मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाकडून चालतो. ते टोकही शाबूत आहे, पण डी-८ ला तार तुटल्यामुळे त्याचा मेंदूशी संबंध राहिलेला नाही. त्यामुळे 'लागली' हे त्यांना कळत नाही आणि गुदद्वाराचा स्नायू स्वतःहून सैल सोडता येत नाही. मळ पुढे सरकतो तोही सावकाश.

या जागी मोडलेल्यांच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूची असते. खालच्या टोकाची आपोआप होणारी हालचाल टिकून असते. मलाशयाच्या भिंतीला बोटाने हलका ताण दिला की ते आकुंचन पावतं आणि दार सैल होतं. मेंदूच्या परवानगीशिवाय. आपल्याला याचाच उपयोग करून घ्यायचा आहे.

एक वेळ ठरवा. सकाळची असेल तर सकाळचीच, आणि ती मोडायची नाही. चहा-न्याहारी झाल्यावर २०–३० मिनिटांत आतडं आपसूक हलतं. पोटात अन्न पडलं की खाली निरोप जातो आणि मणका मोडल्यावरही तो थोडाफार जातोच. न्याहारीनंतर बिसाकोडिलची सपोझिटरी, म्हणजे खालून ठेवायची गोळी, मलाशयाच्या भिंतीला टेकेल अशी ठेवायची. मळाच्या गोळ्यात खुपसली तर तिचा काही उपयोग होत नाही. १५–२० मिनिटं थांबायचं. मग हातमोजा घालून, भरपूर जेली लावून बोट आत घालायचं आणि भिंतीला टेकवून हळूहळू गोल फिरवायचं. १५–२० सेकंद पुरतात. मळ येऊ द्यायचा, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा फिरवायचं. लागोपाठ दोनदा काही आलं नाही किंवा नुसती चिकट बुळबुळ आली की झालं. नखं कापलेली हवीत. रक्त दिसलं तर त्या दिवशी थांबायचं आणि डॉक्टरांना सांगायचं.

सुरुवातीला रोज करा. बसला जम की डॉक्टरांशी बोलून दिवसाआड करता येतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. सोमवारी औषध, मंगळवारी वेळ, बुधवारी जेवण असं बदलत गेलात तर कशाने काय झालं हे कुणालाच कळणार नाही. एक बदल केला की तीन-चार खेपा तसाच चालू ठेवा आणि वहीत लिहा: किती वाजता, किती वेळ लागला, मळ कसा होता, मधे गळलं का.

इसबगोलबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सांगायलाच हवं. चालत्याफिरत्या माणसाला भुसा-कोंडा देऊन पोट साफ होतं, म्हणून सगळे तोच सल्ला देतात. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात मज्जारज्जूची दुखापत झालेल्या ११ रुग्णांना कोंडा वाढवून दिला गेला. मोठ्या आतड्यातून मळ पुढे सरकायला सरासरी २८ तास लागत होते, ते ४२ झाले. म्हणजे वेग वाढायचा तो उलट घटला. अकरा माणसं ही फार थोडी आहेत हे मला कळतं, पण वॉर्डात मी हेच बघत आले. मंद आतड्यात, त्यातही कमी पाण्यात, इसबगोल फुगून तिथेच बसतो. म्हणून तूर्त तो बंद करा. भाकरी, वरण, पालेभाजी, केळं, पेरू हे रोजचं जेवण चालू राहू द्या. पाण्याची काटकसर मात्र सोडा. एका वेळी मूत्राशयात ४००–५०० मिलिलिटरपेक्षा जास्त साठू द्यायचं नाही, हा नळीचा नियम आहे. तो पाळायला चारच्या ठिकाणी पाच वेळा नळी घालावी लागली तर घाला. लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल किंवा रक्तासाठी लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर तिन्हींनी पोट बांधतं. मनाने बंद करू नका. यादी डॉक्टरांपुढे ठेवा.

आता जिवाणू. तुमच्या मुलीने वाचलं ते खरं आहे. २०१६ मध्ये तुर्कस्तानातल्या संशोधकांनी अशा ३० रुग्णांच्या मळातले जिवाणू १० निरोगी माणसांशी ताडून पाहिले. ब्युटिरेट तयार करणारे काही जिवाणू रुग्णांमध्ये कमी निघाले. आपण खाल्लेला चोथा आंबवून हे जिवाणू ब्युटिरेट बनवतात, आणि मोठ्या आतड्याचं अस्तर त्यावर पोसतं. ते कमी का होतात? मळ दिवसेंदिवस साठून राहतो, आतड्याच्या नसांचा ताल बिघडतो, हालचाल नसते, जेवण तुटतं. आणि वरून अँटिबायोटिक.

सहा महिन्यांत चार कोर्स, हे तुमच्या पत्रात वाचलं तेव्हा मी थांबले. नळीने लघवी काढणाऱ्या माणसाच्या लघवीत जंतू सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे. कल्चरच्या, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून मोजायच्या तपासणीच्या कागदावर एक लाखाच्या वर आकडा आला, म्हणजे आजार झाला असं होत नाही. ताप आला, पायांचे झटके एकदम वाढले, दोन नळ्यांच्या मधे नव्याने लघवी गळू लागली, माणूस मलूल झाला, तर तो संसर्ग समजायचा. नुसता वास आला किंवा लघवी गढूळ दिसली म्हणून कोर्स घ्यायचा नसतो. त्यातून फक्त आतड्यातली वस्ती उजाड होते, आणि पुढे खरोखर ताप येईल तेव्हा औषध लागू होत नाही. पुढच्या वेळी रिपोर्ट आला की डॉक्टरांना सरळ विचारा: "यांना ताप नाही, त्रास नाही, तरी गोळ्या द्यायच्या का?" हा प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही. मात्र चालू असलेला कोर्स मनाने अर्धवट सोडायचा नाही.

कॅप्सूलचं विचाराल तर, तुमच्या जागी मी असते तर घेतल्या नसत्या. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल नावाचं जुनं इस्पितळ आहे. मज्जारज्जूच्या रुग्णांसाठीचा तिथला विभाग १९४४ मध्ये सुरू झाला. तिथे अँटिबायोटिक चालू असलेल्या रुग्णांना एका जातीच्या लॅक्टोबॅसिलसचं, म्हणजे चांगल्या जिवाणूंचं पेय रोज दिलं. २०१४ मध्ये आकडे छापून आले: पेय घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब झाले, न घेणाऱ्यांपैकी जवळपास ५५ टक्क्यांना. आम्ही सगळ्या त्या बातमीने हरखलो होतो. पण पुढे अनेक केंद्रांत मिळून मोठी चाचणी झाली, तेव्हा तो फरक दिसला नाही. तेव्हा पैसे हातमोज्यांवर, जेलीवर आणि गादीच्या कमोड-खुर्चीवर खर्च करा. जेवणात घरचं ताक, नाचणीची आंबील अवश्य द्या. अन्न म्हणून ते उत्तम आहे, औषध म्हणून त्यावर विसंबू नका.

त्यांचं न जेवणं मला सगळ्यात जास्त लागलं. चारचौघांत कपडे खराब होतील या भीतीने माणूस उपाशी राहतो. पण अन्न नाही तर आतड्याला निरोप नाही आणि जिवाणूंना खायला नाही; दोन दिवसांनी ते सगळं वसूल होतं. त्यांना सांगा, जायच्या दिवशी जेवण सोडायचं नाही, सकाळचं काम वेळेवर उरकायचं.

आणि ताई, हे पत्र त्यांनाही वाचायला द्या. डी-८ ला मोडलंय म्हणजे हात पूर्ण शाबूत आहेत. ज्या हातांनी ते झेला धरून आंबे उतरवत होते, त्या हातांनी हे काम त्यांना स्वतः करता येतं. गोळी ठेवणं, बोट फिरवणं, साफ करणं, सगळं. मागे भोक आणि बाजूला मोकळी जागा असलेल्या गादीच्या कमोड-खुर्चीवर बसून करतात. बसल्यामुळे वजनानेही मळ खाली उतरतो. पहिले दोन-तीन आठवडे डाव्या कुशीवर निजवून तुम्ही करा, मग त्यांच्या हाताला वळण लावा. उघड्या कडक खुर्चीवर मात्र तासभर बसवू नका. ढुंगणाला बेडसोर झाला तर महिनोन् महिने भरत नाही. उठल्यावर रोज आरसा धरून कातडी बघायची. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. असं शिक्षण तिथे मिळतं. माझ्या वॉर्डात एक ट्रकचालक होता, सहा महिने कुणाकडे बघायचा नाही. स्वतःचं स्वतः करायला लागला त्या आठवड्यात त्याने दाढी केली आणि मला चहा पाजला. भिंतीकडे वळलेलं तोंड बोलून वळत नाही. हे काम त्यांच्या हातात द्या.

"माझी मान सी-६ ला मोडली आहे, सहा वर्षं झाली. भाऊ पोट साफ करतो तेव्हा मधेच डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, कपाळाला घाम सुटतो. काम संपलं की थांबतं. सवयीचं झालंय, पण विचारावंसं वाटलं." – सोलापूर

भाऊ, याची सवय करून घेऊ नका. हे पत्र मिळाल्यावर मी संपादकांना सांगून तुम्हाला आधी फोन करायला लावला होता.

डी-६ किंवा त्याच्या वर दुखापत असलेल्यांना हा धोका असतो. इंग्रजी नाव ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. नाव लक्षात ठेवा, कारण तुम्हालाच ते दवाखान्यात सांगावं लागेल. खाली कुठे ताण आला, मूत्राशय भरलं किंवा मलाशय ताणलं, की खालच्या रक्तवाहिन्या एकदम आवळतात. मेंदूकडून 'पुरे' असा निरोप खाली पोचत नाही, आणि रक्तदाब चढत जातो. मेंदूत रक्तस्राव होण्याइतका चढू शकतो. तुमच्यासारख्यांच्या रक्तदाबाचा वरचा आकडा नेहमी ९०–१०० असतो, म्हणून १४० हा आकडा दुसऱ्याला बरा वाटला तरी तुमच्यासाठी तो धोक्याचा आहे.

भावाला शिकवा. डोकं दुखू लागलं की बोट काढायचं, थांबायचं. लगेच ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, कंबरपट्टा, पायाला बांधलेली लघवीची पिशवी, घट्ट कपडे सैल करायचे. लघवीची नळी दुमडली आहे का ते पाहायचं. रक्तदाब दर दोन-तीन मिनिटांनी मोजायचा; घरात यंत्र हवंच. उतरला की लिग्नोकेनची, म्हणजे जागा बधिर करणारी जेली लावून काही मिनिटं थांबायचं, मग अगदी हलक्या हाताने मळ काढायचा. उतरलाच नाही, किंवा वरचा आकडा १५० च्या आसपास राहिला, तर दवाखाना. तिथे रक्तदाब उतरवायचं औषध देतील. लैंगिक ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल तर ती न लाजता सांगा, कारण त्यावर नायट्रेट जातीचं रक्तदाबाचं औषध दिलं तर रक्तदाब धोकादायक घसरतो. या महिन्यातच डॉक्टरांना दाखवून पुढची रीत ठरवून घ्या. सगळं एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. इमर्जन्सीत बसलेल्या तरुण डॉक्टरांनी हे प्रत्यक्ष पाहिलेलं असेलच असं नाही.

"मुलगा २३ वर्षांचा, मोटारसायकलच्या अपघाताला दोन वर्षं झाली. आतड्यातले जिवाणू बदलले तर मज्जारज्जू सुधारतो, उंदरांवर सिद्ध झालंय, असं कळलं. एका ठिकाणी निरोगी माणसाच्या मळातले जिवाणू सोडायचा उपचार सुचवलाय. शेत गहाण ठेवावं लागेल. काय करू?" – जळगाव जिल्हा

दादा, शेत गहाण ठेवू नका.

उंदरांचा तो प्रयोग खरा आहे. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात क्रिस्टिना किगर्ल आणि फिलिप पोपोविच यांच्या गटाने तो केला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. दुखापतीआधी अँटिबायोटिक देऊन ज्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू बिघडवले, ते कमी सावरले. ज्यांना दुखापतीनंतर लगेच जिवाणूंचं मिश्रण दिलं, त्यांच्या पायांची हालचाल तुलनेने बरी झाली. मला ते काम फार महत्त्वाचं वाटतं. पोट आणि मज्जारज्जू यांचा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो, हे त्यातून दिसलं. पण ते उंदीर होते आणि उपचार दुखापत ताजी असताना सुरू झाला होता. तुमच्या मुलाला दोन वर्षं झाली आहेत. माणसाचा मज्जारज्जू या उपायाने सुधारल्याचा पुरावा आज नाही. मळातले जिवाणू सोडण्याचा उपचार इतर काही आजारांत, विशेषतः क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूने होणाऱ्या हट्टी जुलाबांत, खरोखर वापरतात. मणक्यासाठी पैसे घेऊन कुणी तो देत असेल, तर तो प्रयोग आहे, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

मुलाच्या पोटाचं रोजचं काम तासाभरात उरकत नसेल, तर एक वेगळा उपाय माणसांवर तपासलेला आहे: खालून कोमट पाणी सोडून आतडं धुणं. २००६ मध्ये युरोपातल्या पाच केंद्रांत ८७ रुग्णांवर तुलना झाली. पाण्याने धुणाऱ्यांची बद्धकोष्ठता आणि गळणं दोन्ही कमी झालं. साधन शिकूनच वापरायचं, कारण चुकून आतड्याला भोक पडू शकतं. पुनर्वसनाच्या डॉक्टरांना याबद्दल विचारा.

"मी १९ वर्षांची. विहिरीत पडून एल-१, म्हणजे कमरेचा पहिला मणका मोडला. पाय लुळे आहेत, ताठर नाहीत. गोळी ठेवून, बोट फिरवून काहीच होत नाही. पोट साफ व्हावं म्हणून आई रोज रात्री चूर्ण देते आणि दिवसभर थोडं थोडं होत राहतं. जूनपासून कॉलेजला जायचंय. वर्गात झालं तर?" – लातूर

बाळा, तुझं कुठे चुकलेलं नाही. वर लांज्याच्या ताईंना लिहिलेली रीत तुझ्यासाठी नाही. तुझा मार मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या टोकाला लागलाय, म्हणून ती आपोआपची हालचालच गेली आहे. बोट फिरवून जागं होईल असं तिथे काही उरलेलं नाही, आणि दारही सैल आहे. सैल दाराला पातळ मळ अडत नाही, म्हणून चूर्ण तुझ्यासाठी उलटं पडतंय. डॉक्टरांशी बोलून ते बंद कर. मळ थोडा घट्ट, हाताने उचलता येईल असा राहिला पाहिजे, आणि रोज, न चुकता, हातमोजा-जेलीने स्वतः काढायचा. आधी पोटावर उजवीकडून वर, आडवं, मग डावीकडून खाली असा हात फिरव आणि पुढे वाकून बस. मलाशय रिकामं असेल तर वर्गात गळायला काही उरत नाही. काहींना संध्याकाळी पुन्हा एकदा तपासावं लागतं.

मे महिनाभर घरी सराव कर, कॉलेजच्याच वेळेने. वर्ग साडेसातला असेल तर गजर सव्वापाचचा लाव. पिशवीत एक सलवार, पॅड, हातमोजे, ओले कागदी रुमाल आणि घट्ट तोंडाची पिशवी ठेव. आणि प्रवेशाच्या आधी आईबरोबर जाऊन खालच्या मजल्यावरच्या संडासाचं दार मोजून ये. खुर्ची आत जात नसेल तर प्राचार्यांना तेव्हाच लेखी दे. जूनमध्ये कुणाला वेळ नसतो.